आज स्वयंपाक नाही!

"आज बाहेरच जेवू या," असं घरातलं कुणी म्हणालं, की आपल्या मनात पहिल्यांदा काय येतं, सांगा पाहू? आनंद? छे! पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतात ते सकाळी भिजत घातलेले मूग. मग कालची उरलेली आमटी, मळून ठेवलेली कणीक आणि पाहुणे येणार म्हणून जादा घेतलेलं अर्धा लिटर दूध. या सगळ्यांची मनातल्या मनात सोय लावून झाली, की मग आपण म्हणतो, "जाऊ या की!" तोवर बाकीची मंडळी चपला घालून जिन्यात उभी असतात आणि वर आपल्यालाच ऐकवतात, "तुझं मेलं कधी वेळेवर आवरतच नाही!"

मैत्रिणींनो, मी मोठमोठ्या हॉटेलांविषयी लिहायला बसलेले नाही. जिथे दारात फेटेवाला उभा असतो आणि मेनूकार्ड हातात घेतल्यावर नजर आधी उजवीकडच्या आकड्यांवर जाते, तिथे आपण जाऊन जाऊन किती वेळा जाणार? मी म्हणते ती हॉटेलं म्हणजे कोपऱ्यावरचं उडुप्याचं, स्टेशनसमोरचं मराठी उपाहारगृह, एखादा टिकून राहिलेला इराणी, नाहीतर जिना चढून जायची खानावळ. मी मुंबईची, तेव्हा उदाहरणं मुंबईची देते. पण तुमच्या गावच्या स्टँडजवळही असं एखादं असेलच की! तिथे काय खावं, काय खाऊ नये, बिल कसं वाचावं, याबद्दलची ही माझी मतं. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

आपल्याकडे एक समज फार जुना आहे. बाहेरचं खाणं म्हणजे चैन. "घरात काय कमी आहे?" हे वाक्य ऐकलं नाही अशी सून मला अजून भेटायची आहे. पण या शहरातली साधी हॉटेलं चैनीसाठी निघालीच नव्हती. ती निघाली एकट्या पुरुषांची पोटं भरायला. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले कारकून, गिरणीकामगार, शिकायला आलेली मुलं, यांना दोन वेळचं जेवण हवं होतं. माटुंग्याला ए. रामा नायक यांनी १९४२ साली श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केलं, ते अशाच मंडळींसाठी. आजही तिथे केळीच्या पानावर जेवायला रांग लागते. दादरला मामा काणे यांचं उपाहारगृह तर त्याच्याही आधीचं, १९१० सालचं.

आणि गिरणगावात काय होतं, ठाऊक आहे? तिथे ही हॉटेलं बायकाच चालवत होत्या. पाटी नाही, गल्ला नाही, टेबल-खुर्ची नाही. स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस कामगारांचा स्वयंपाक करायचा, डबे भरायचे, वाण्याकडून उधारीवर किराणा आणायचा आणि पगार झाल्यावर पैसे वसूल करायचे. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांतच कमाई गडप व्हायची. या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देण्याची खटपट केली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जेवणारेच बेकार झाल्यावर या बायकांच्या चुलीवरही संकट आलं. म्हणजे गंमत पाहा, शहराला जेवू घालणाऱ्या हातांत हजारो हात बायकांचे. पण हॉटेलात बसून जेवणारी बाई दिसली की लोक माना वळवून बघणार! तिच्यासाठी मागच्या बाजूला 'फॅमिली रूम'. मळका पडदा, आत एक टेबल, पंखा असला तर असला. तुमच्यापैकी ज्यांनी साठी गाठली आहे त्यांना तो पडदा आठवत असेल. मला त्या पडद्याला येणारा कांद्याचा वासही आठवतो.

आता माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते. सत्तरी उलटेपर्यंत त्या हॉटेलात जेवल्या नव्हत्या. लग्नाकार्याला गेल्या तरी त्यांची पंगत शेवटची. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे माटुंग्याला जायचं होतं. डोळ्यांत औषध घालून दोन तास बसवून ठेवलं, त्यात दुपारचा एक वाजून गेला. घरी येऊन कुकर लावायचा म्हणजे अडीच. मी म्हटलं, "आई, इथेच जेवू या." त्या नको-नको म्हणाल्या, शिळंपाकं असेल म्हणाल्या, तेल कसलं वापरत असतील म्हणाल्या. पण भूक लागली होती हे तोंडावर दिसत होतं.

बसलो. पान वाढलं. दोन भाज्या, वरण, रस्सम, ताक. मग वाढप्या टम्म फुगलेल्या पुऱ्या घेऊन आला आणि त्यांच्या पानात दोन टाकून गेला. आईंनी एक पुरी मोडली, आतली वाफ बोटांना लागली तसा हात मागे घेतला. मला वाटलं, भाजलं. तर म्हणाल्या, "अगं, कढईतून थेट ताटात पडलेली पुरी मी कधी खाल्ली होती ते आठवत होते. माहेरी असेन बहुतेक." आणि पुढची पुरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. चार खाल्ल्या. डॉक्टरांनी तळलेलं कमी करायला सांगितलंय, याची आठवण मी मुद्दामच केली नाही.

घरी आल्यावर यांना म्हणाल्या, "जेवण ठीक होतं. पण पुऱ्यांत मीठ कमी." सासूबाईच त्या!

त्या दिवसापासून हॉटेलात काय मागवावं याचा माझा नियम ठरून गेला. जो पदार्थ घरी केला की करणारीला शेवटी आणि गार खावा लागतो, तो बाहेर खावा. डोसाच घ्या ना. घरी डोशांचा बेत म्हणजे सगळ्यांची चंगळ आणि आपण तव्यापाशी! एकेक डोसा कुरकुरीत होऊन बाहेर जातो, "आई, अजून एक" अशी हाक येते, आणि शेवटी पीठ खरवडून आपल्यासाठी जो जाड, अर्धवट उलटलेला डोसा होतो तो आपण ओट्यापाशी उभ्याने खातो. चटणी तोवर संपलेली. थालीपिठाचं तेच, बटाटेवड्यांचं तेच, पुऱ्यांचं तेच. उलट पावभाजी, पुलाव, छोले हे एकदा करून मध्ये ठेवता येतं आणि सगळ्यांबरोबर बसून खाता येतं. मग ते बाहेर जाऊन कशाला मागवायचं?

तुम्ही म्हणाल, थालीपीठ खायला का कुणी हॉटेलात जातं? जातं. दादरच्या 'आस्वाद'मध्ये किंवा 'प्रकाश'मध्ये रविवारी सकाळी जाऊन बघा, किती गृहिणी थालीपीठ नि साबुदाणेवडा खात बसलेल्या असतात. भाजणी घरी डब्यात असते हो, पण ती थापून, लोणी घालून, समोर आणून ठेवणारं कुणी नसतं. 'आस्वाद' १९८६ सालचं. त्यांच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून बक्षीस मिळालं, तेव्हा आमच्या चाळीत दोन तट पडले होते. एक म्हणे, बरोबर आहे. दुसरा म्हणे, त्यांनी आमच्या कोल्हापूरची खाल्ली नसेल! माझं मत विचाराल तर मिसळीपेक्षा मी तिथल्या कोथिंबीरवडीला माप झुकतं देईन. पण मला कोण विचारतंय?

पैशांचा विचार कुणाला सुटलाय? मलाही नाही. डोसा समोर आला की आपलं डोकं आधी हिशेब करतं: अगं बाई, एवढ्यात तर किलोभर तांदूळ आणि वर पाव किलो उडीदडाळ आली असती, अख्खं घर दोनदा जेवलं असतं! हिशेब खरा आहे. त्यात आपण गॅस धरतो, तेल धरतो, नारळ धरतो. फक्त पीठ वाटणारी आणि तव्यापाशी उभी राहणारी जी आहे, तिचा वेळ कुठल्याच रकान्यात येत नाही, कारण तो फुकट असतो असं आपणच धरून चालतो.

आणि उडुप्याला ते परवडतं कसं, हेही एकदा बघण्यासारखं आहे. त्याच्याकडे पदार्थ तीस दिसतात, पण मूळ भांडी मोजकी. तांदूळ-उडदाच्या पिठांतून इडली, डोसा, उत्तप्पा. उडदाच्या वाटणातून मेदूवडा. बटाट्याची भाजी एकच, ती डोशातही जाते आणि पुरीबरोबरही येते. सांबार एक, चटणी एक. वाया काही जात नाही आणि गिऱ्हाईक वीस मिनिटांत उठतं, म्हणून भाव आवाक्यात राहतो. आपण घरी आठवड्याचा बेत आखताना हाच धडा गिरवतो की. फक्त आपल्याला कुणी शेठ म्हणत नाही!

पण त्याच हॉटेलच्या मेनूकार्डाचं पान उलटलं की 'पंजाबी' सुरू होतं. इथे मात्र सांभाळा. साध्या हॉटेलांत कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही आणि काजू-मगजबीची पांढरी ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात करून ठेवलेली असते. त्यात थोडं क्रीम पडलं की एक नाव, ढोबळी मिरची पडली की दुसरं नाव, तिखट जास्त पडलं की 'व्हेज कोल्हापुरी'. कोल्हापूरच्या माझ्या जाऊबाई म्हणतात, "ही भाजी आमच्याकडे कुणी केलेली मी पाहिली नाही." यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, स्वयंपाकघराची ती सोयच आहे. पण चार जणांत तीन निरनिराळ्या पनीरच्या भाज्या मागवून पैसे वाया घालवू नयेत. एक लाल मागवा, एक कोरडी मागवा, झालं. पोरं ऐकत नाहीत ही गोष्ट निराळी. आमचा धाकटा उडुप्याकडे बसून चायनीज मागवतो. मी तिकडे बघतच नाही.

इराण्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण ती जात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. धोबीतलावचं कयानी १९०४ सालचं, ग्रँट रोडचं मेरवान १९१४ सालचं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रूनमस्का आणि चहा. पोट भरायला इराणी नव्हे. पण खरेदीच्या पिशव्या खाली ठेवून पाय मोकळे करत अर्धा तास बसायला त्याच्यासारखी जागा नाही. एका चहावर कितीही वेळ बसा, "अजून काय?" असा डोळा कुणी वटारत नाही.

स्वच्छतेचं कसं ओळखायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. स्वयंपाकघरात जाऊन डोकावणं प्रत्येक वेळी जमत नाही. मी आधी वेळ बघते. दुपारी साडेबारा ते दीड ही गर्दीची वेळ. तेव्हा ताटकळावं लागतं, पण जे येतं ते ताजं असतं. चार वाजता मिळणारी राइसप्लेट ही सकाळचीच राइसप्लेट. खोबऱ्याची चटणी आधी हुंगावी, कारण ती सर्वांत आधी आंबते. पावसाळ्यात आणि मे महिन्यात तर शंका आली की बाजूला सारावी, संकोच करू नये. तळणीच्या तेलाचं सांगायचं तर १ जुलै २०१८ पासून पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलावर कायद्याने मर्यादा घातली आहे. पण आपल्याला मोजमाप नको, वडाच सांगतो! काळपट रंग, जिभेवर चिकट थर आणि घशाशी खवखव, म्हणजे तेल जुनं. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी नंबर छापणं सक्तीचं आहे. तो असला म्हणजे स्वयंपाकघर चकचकीत असेलच असं नाही. पण उद्या पोट बिघडलं तर तक्रार करायला तो हाताशी असतो. म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत बिल फेकू नये.

बिलावरून आठवलं. हा भाग जरा नीट वाचा, भगिनींनो, कारण इथे आपण फार लाजतो.

मागच्या दिवाळीत आम्ही चौघं एका हॉटेलात जेवलो. साधंच, पण नव्याने रंगरंगोटी केलेलं. खाणं झालं ६०० रुपयांचं. बिल आलं ६९३ चं! हे पाकीट काढत होते, मी बिल ओढून घेतलं. ६०० वर दहा टक्के 'सर्व्हिस चार्ज' म्हणजे ६०, आणि मग त्या ६६० वर पाच टक्के जीएसटी म्हणजे ३३. मी वेटरला म्हटलं, "हा सर्व्हिस चार्ज काढा." हे माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले, जणू मी दुसऱ्याच्या टेबलावरचं उचलून खाल्लं. "जाऊ दे ना, लोक बघतायत." बघू देत! मॅनेजर आला, आधी म्हणाला की कॉम्प्युटरमधून आपोआप येतं. मी म्हटलं, मग आपोआप जाऊ दे. दोन मिनिटांत दुसरं बिल आलं, ६३० चं. वेटरला मी माझ्या हाताने वीस रुपये दिले, कारण त्याने पाणी दोनदा न मागता आणून दिलं होतं. त्याला द्यायचे पैसे त्याच्याच हातात पडावेत, एवढंच माझं म्हणणं.

यात माझी हुशारी काही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच सांगितलं आहे की हॉटेलने सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या नावाखालीही लावू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला हेच म्हणणं उचलून धरलं. म्हणजे द्यायचं की नाही, हे आपल्या मर्जीवर. हॉटेलने ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहकांसाठीचा फोन नंबर आहे.

जीएसटी मात्र सरकारचा आहे, तो द्यावाच लागतो. १५ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या या साध्या हॉटेलांना तो पाच टक्के आहे, मग थंडगार खोलीत बसा की बाहेर पंख्याखाली. पण एक मेख लक्षात ठेवा. काही लहान हॉटेलं 'कॉम्पोझिशन' योजनेत असतात. त्यांनी कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नसतो आणि बिलावर तसं छापायचं असतं. तेव्हा बिलावर तो शब्द दिसला आणि खाली कराची ओळही दिसली, तर शांतपणे बोट ठेवून विचारावं. पाच-पंधरा रुपयांसाठी भांडायचं काय, असं घरचे म्हणतील. भाजीवालीशी आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो तेव्हा नाही कुणी म्हणत!

आता शेवटचं, आणि मला वाटतं सगळ्यांत अवघड. एकटीने हॉटेलात जाणं.

नवऱ्याबरोबर, मुलांबरोबर, मैत्रिणींबरोबर आपण सर्रास जातो. पण दादरला ब्लाउजपीस घ्यायला गेलोय, दोन वाजलेत, पोटात कावळे ओरडतायत, अशा वेळी आपण काय करतो? एखादं केळं खातो, नाहीतर उपाशीपोटी गाडी पकडतो आणि घरी येऊन साडेतीनला गार पोळी-भाजी गिळतो. मग डोकं दुखतं. मी वर्षानुवर्षं हेच केलं. ज्या दिवशी पहिल्यांदा एकटी आत शिरले, तेव्हा वेटरने विचारलं, "किती जण?" आणि "एकटीच" म्हणताना माझा आवाज असा निघाला, जणू चोरी कबूल करतेय! त्याने एका टेबलावर बोट दाखवलं, तिथे आधीच एक आजोबा इडली खात होते. मी अवघडून बसले. ते वर न बघता म्हणाले, "सांबार आज चांगलं आहे," आणि परत वर्तमानपत्रात डोकं घातलं. मी उत्तप्पा मागवला. कडा कुरकुरीत होत्या. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं, आणि ते कळायला मला पंचावन्न वर्षं लागली होती!

एक गोष्ट मात्र मी कुठेही आत शिरताना बघते, आणि तुम्हीही बघता हे मला ठाऊक आहे. बाथरूम आहे का, आणि त्याला आतून कडी आहे का! पुरुषांना या प्रश्नाचं हसू येतं. अर्धा दिवस पाणी न पिता खरेदी करणाऱ्या बाईला येत नाही. याच कारणासाठी २०११ साली मुंबईत स्त्रियांच्या संघटनांनी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली होती. तेव्हा हॉटेल निवडताना मी चवीला दहापैकी सहा गुण देते, भावाला दोन आणि या कडीला दोन. दोन हॉटेलांत चव सारखी असेल तर कडीवाल्याकडे जाते, आणि जाताना गल्ल्यावर मुद्दाम सांगते, "तुमचं बाथरूम स्वच्छ आहे हो, म्हणून आलो." सांगितल्याशिवाय त्यांना तरी कसं कळणार?

आमच्या इमारतीतल्या सहाजणींची भिशी आहे. पूर्वी जिची भिशी लागेल तिच्या घरी फराळ असायचा. म्हणजे तिला पैसे मिळायचे आणि वर दिवसभर राबही मिळायचा! दोन वर्षांपूर्वी आम्ही ते बदललं. आता महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी दुपारी एका साध्या हॉटेलात जायचं, प्रत्येकीने आपापले पैसे द्यायचे, बिल तपासायची पाळी आळीपाळीने. घरच्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं. पहिल्या महिन्यात दोघींना घरून फोन आले होते, मीठ कुठे आहे म्हणून. आता येत नाहीत. या महिन्यात ठाकूरद्वारला जायचं ठरलंय, मिसळ खायला. सासूबाई विचारत होत्या, तिथे पुऱ्या मिळतात का.